परदेशांतला विसावा

परदेशचा प्रवास म्हटला कीं पूर्वीं तो बोटीचा असे, आणि तो करणारा मनुष्य बॅरिस्टर होण्यास तरी जाई किंवा व्यापारास तरी. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांतलें पेन्शनर जोडपें "पंधरा दिवस दूध नको" म्हणून दूधवाल्यास सांगतें, तेव्हां तें अक्कलकोटास निघालें आहे कीं ॲमस्टरडॅमला, हें विचारल्यावांचून कळत नाहीं. ही गोष्ट मला आनंदाचीच वाटते. परंतु ही मंडळी परत आल्यावर त्यांच्या तोंडून पहिलें वाक्य जें निघतें, तें पुष्कळदां "अगदीं दमलों हो!" हेंच असतें. विसाव्यासाठीं गेलेल्या माणसानें दमून परत कां यावें, याचा थोडा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. मी कोणी मोठा प्रवासी नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला आणि छत्तीस वर्षें मुलांस भूगोल शिकविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहें. परदेशचे प्रवास मीं दोनच केले. त्यांतला पहिला फसला आणि दुसरा साधला; म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचें धाडस करतों, इतकेंच.

पहिला प्रवास २०१६ सालच्या मे महिन्यांतला. निवृत्त झाल्यावर हातीं आलेल्या रकमेंतून थोडा भाग बाजूस काढून आम्ही उभयतां युरोपास जाऊन आलों. बारा दिवसांत सात देश, असा तो कार्यक्रम होता. तो आकडा वाचून मला धन्य वाटलें. नकाशावर काठी टेकवून जे देश मीं वर्षानुवर्षें मुलांस दाखविले, ते एका दमांत डोळ्यांनीं पाहावयाचे! मीं त्या प्रवासाची तयारी वार्षिक परीक्षेसारखी केली. वहींत तक्ता आंखला. कोणत्या दिवशीं काय पाहावयाचें तें लिहिलें. आणि पाहून झालें कीं पुढें बरोबरची खूण करावयाची, असा क्रम ठेविला. शिक्षकाच्या भाषेंत सांगावयाचें तर मी पोर्शन पुरा करावयास निघालों होतों.

पोर्शन पुरा झाला. पॅरिसचा मनोरा झाला, लूव्र संग्रहालय झालें. त्या संग्रहालयांतलें मोनालिसाचें चित्र अवघें ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे. त्याच्यापुढें दाटलेल्या माणसांच्या उंचावलेल्या हातांतून आणि मोबाईलांतून मला त्याचा एक कोपरा तेवढा दिसला. वहींत खूण मात्र मीं पूर्ण केली. रोज पहांटे सहाला सामान दाराबाहेर, सातला न्याहारी, आठला बस. रात्रीं जेथें निजावयाचें त्या गांवाचें नांवही कित्येकदां सकाळीं निघतांना कळे.

स्वित्झर्लंडांत शाफहाऊझेन गांवाजवळ ऱ्हाइन नदीचा मोठा धबधबा आहे. उंची २३ मीटरच, परंतु रुंदी सुमारें १५० मीटर. म्हणून त्याचें रूप उभ्या धारेचें नसून कोसळणाऱ्या भिंतीचें आहे. तेथें कांठावर एक बांक होतें. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. ती त्या बांकावर टेकली आणि म्हणाली, "अहो, इथं जरा बसूं या ना." मीं घड्याळाकडे पाहिलें आणि म्हटलें, "बस सुटेल. चल, ऊठ." ती कांहीं न बोलतां उठली. परत आल्यावर महिन्याभरानें घरीं पाहुणे आले होते, त्यांना मी फोटो दाखवीत होतों. धबधब्याचा फोटो निघाला तेव्हां पाहुण्यांनीं तिला विचारलें, "कसा होता हो धबधबा?" ती म्हणाली, "ह्यांनाच विचारा. मला ह्यांची पाठ तेवढी आठवते." सगळे हंसले; मीही हंसलों. परंतु रात्रीं निजानीज झाल्यावर ती शांतपणें म्हणाली, "आतां मला कुठं नेऊं नका. त्यापेक्षां घरीं मला आराम असतो."

श्रोतेहो, माझ्या शिक्षकी पगारांत जिनें तक्रारीचा शब्द न काढतां संसार केला, तिच्या तोंडचें हें वाक्य मला कोणत्याही इन्स्पेक्टराच्या शेऱ्याहून अधिक झोंबलें. यांत प्रवासी कंपनीकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. तिनें सात देश कबूल केले होते आणि सात दाखविले. तो कार्यक्रम मीं निवडला होता, आणि निवडतांना पत्नीस एका शब्दानें विचारलें नव्हतें.

सात वर्षें गेलीं. मध्यंतरीं कोरोनाची महामारी येऊन गेली, आणि नुसतें दाराबाहेर पडतां येणें हेंही एक भाग्य आहे असें सर्वांस कळून चुकलें. २०२३ सालीं मीं भीत भीत पुन्हां विषय काढला. मात्र या खेपेस वही उघडण्यापूर्वीं तिला विचारलें, "तुला काय पाहावयाचें आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाहायचं कांहीं नाहीं. सकाळीं उठून कुणाचा चहा करायचा नाहीं, आणि समुद्राकडे बघत बसायचं. कुणी 'ऊठ' म्हणतां कामा नये."

आनंदाच्या प्रवासाचा पहिला नियम मला येथें सांपडला. स्थळ ठरविण्यापूर्वीं आपणांस काय हवें आहे तें ठरवावें, आणि जो बरोबर येणार त्यासही तें विचारावें. कोणास डोंगर चढण्यांत विसावा वाटतो, कोणास संग्रहालयांत, कोणास बाजारांत. एकाचा विसावा ही दुसऱ्याची शिक्षा होऊं शकते. शेजाऱ्यांनीं काय पाहिलें, यावरून आपला प्रवास आंखणें म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचावयास बसण्यासारखें आहे.

नंतर मीं नकाशा पुढें घेतला. पहिली गोष्ट घड्याळाची. आपल्या शरीरांतही एक घड्याळ असतें. दूरच्या रेखांशावर गेलें कीं तें बिघडतें, आणि ढोबळमानानें दर तासाच्या फरकास एक दिवस याप्रमाणें पुन्हां जुळतें. पूर्वेकडे जातांना हा त्रास अधिक होतो, पश्चिमेकडे जातांना कमी. आठवड्याची सुटी आणि नऊ तासांचा फरक, म्हणजे सुटी झोपेचा हिशेब जुळविण्यांतच संपावयाची. दुसरी गोष्ट ऋतूची. तिसरी भाषेची आणि ताटाची. कारण विसाव्यास निघालेल्या प्रौढ माणसानें रोज उपाशी राहून संस्कृतीचा अभ्यास करावा, हें मला पटत नाहीं. या तिन्ही कसोट्यांस जो देश उतरला, तो मॉरिशस.

हें बेट हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस, मकरवृत्ताच्या किंचित् उत्तरेस आहे. लांबी सुमारें ६५ किलोमीटर, रुंदी सुमारें ४५. म्हणजे आपल्या एखाद्या लहानशा जिल्ह्याएवढें. मुंबईहून विमान सुमारें सहा तासांत पोंचतें, आणि तेथील घड्याळ आपल्या मागें दीडच तास. दक्षिण गोलार्धांत असल्यामुळें आपल्या पावसाळ्यांत तेथें हिंवाळा असतो. हिंवाळा म्हणजे आपल्या पुण्याच्या नोव्हेंबराइतका सौम्य. नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने उकाड्याचे व चक्रीवादळांचे. तेव्हां माझ्यासारख्यानें ते टाळावे. सरकारी कामकाज इंग्रजींत, वर्तमानपत्रें बहुतेक फ्रेंचमध्यें, आणि घरांत व बाजारांत क्रिओल बोली. परंतु हिंदीवर आमचें फारसें अडलें नाहीं. चलनास रुपयाच म्हणतात. तो त्या वेळीं आपल्या सुमारें पावणेदोन रुपयांचा होता, आणि त्याच्या नोटेवर देवनागरी अक्षरें पाहून मला उगाच घरच्यासारखें वाटलें. आम्हांस आगाऊ व्हिसा काढावा लागला नाहीं. तथापि असे नियम बदलत असतात. जाणारानें ते निघण्यापूर्वीं त्या देशाच्या सरकारी सूचनेंतच पाहावे, ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

तयारीच्या बारीक गोष्टी आपणांस ठाऊकच असतील. म्हणून जी मला ठेंच लागून कळली तेवढीच विस्तारानें सांगतों. युरोपच्या खेपेस आमची एक बॅग विमानतळावर आलीच नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं आली. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेंत होत्या. परक्या गांवांत रविवारीं औषधाचें दुकान शोधीत मी पायपीट केली, आणि डॉक्टरांची चिठ्ठीही बॅगेंतच असल्यामुळें गोळ्या मिळाल्या नाहींत. तेव्हांपासून औषधें, चिठ्ठी, चष्म्याची दुसरी जोडी आणि एक कपड्यांचा जोड हीं हातांतल्या पिशवींत राहूं लागलीं. लोणच्याची बरणी मात्र हातांत घेऊं नये. १०० मिलिलिटरहून अधिक पातळ पदार्थ तपासणींत अडवितात. पासपोर्टाची मुदत प्रवासाच्या तारखेपुढें सहा महिने तरी शिल्लक असावी, त्याच्या नकला निराळ्या ठेवाव्या, आणि आजारपणाचा विमा अवश्य उतरावा. विमा उतरला म्हणजे आजारी पडत नाहीं असें नव्हे. परंतु आजारी पडूं या भीतीनें आधींच आजारी पडण्याचें टळतें.

आम्ही जुलै महिन्यांत गेलों आणि आठ रात्री एकाच गांवीं राहिलों. हा दुसरा नियम. रोज बॅग भरणें व उघडणें यासारखा थकवा दुसरा नाहीं. बेट लहान असल्यामुळें सकाळीं निघून संध्याकाळीं परत येतां येतें. गांव निवडलें तें पश्चिम किनाऱ्यावरचें, फ्लिक-आं-फ्लाक नांवाचें. त्यासही भूगोल कारण आहे. त्या महिन्यांत तेथें आग्नेयेकडून वारे वाहतात. पूर्व किनाऱ्यावर ते जोरानें येतात, आणि मधल्या डोंगरांच्या आडोशामुळें पश्चिम किनारा निवांत राहतो. छत्तीस वर्षें फळ्यावर वाऱ्यांचे बाण काढले, त्यांचा स्वतःला उपयोग झाला तो हा असा.

त्या बेटाभोंवतीं बहुतेक सर्व बाजूंनीं प्रवाळाचें कडें आहे. मोठ्या लाटा दूर त्या कड्यावर फुटतात. त्यांची पांढरी रेघ दिसते, आवाज ऐकूं येतो, आणि अलीकडचें पाणी तलावासारखें शांत राहतें. पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही त्या पाण्यापुढें बसलों. दहा मिनिटें झालीं आणि माझा हात घड्याळाकडे गेला. माणसाची संवय मोठी चिवट असते. मीं घड्याळ काढून खोलींत ठेवून दिलें. मोबाईलचेंही तसेंच; संध्याकाळीं एकदां मुलीस खुशाली कळवावयाची आणि तो मिटवून ठेवावयाचा. तिसऱ्या दिवसापासून समुद्र भरतीचा आहे कीं ओहोटीचा, हें मला न पाहतां आवाजावरून कळूं लागलें.

दिवसाकाठीं एकच गोष्ट पाहावयाची, आणि तीही मन असेल तर, असा तिसरा नियम आम्हीं केला. यामुळें पाहिलेलें थोडें, परंतु तें पुरतें पाहिलें. पांप्लमूस येथें जुना वनस्पतिबाग आहे. तेथें एका तळ्यांत ॲमेझॉनकडील प्रचंड कमळें आहेत. पानें परातीच्या दुप्पट, कांठ वर वळलेले. त्यांचें फूल दोनच दिवस टिकतें. पहिल्या दिवशीं पांढरें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी. आम्हीं तेथें बांकावर बसून डबा खाल्ला. त्याच बागेंत तालिपोत नांवाचा ताड आहे. तो अनेक दशकें वाढतो, आयुष्यांत एकदांच फुलतो, आणि मग वठतो. पत्नी म्हणाली, "पेन्शनीला आल्यावर युरोपला जाणाऱ्या माणसासारखं आहे हें झाड." मीं तें ऐकून घेतलें.

राजधानी पोर्ट लुईस येथें एका संग्रहालयांत मॉरिशसचीं १८४७ सालचीं दोन जगप्रसिद्ध टपाल तिकिटें आहेत, एक तांबडें व एक निळें. उजेडानें रंग उडूं नये म्हणून त्यांवर दर तासांतून थोडाच वेळ दिवा लावतात. पहिल्या प्रवासांतला मी असतों तर चडफडत पुढें गेलों असतों. या खेपेस आम्ही थांबलों. दिवा लागला, तेव्हां तिथें पांचसातच माणसें होतीं, आणि बोटाच्या पेराएवढे ते दोन कागदाचे तुकडे आम्हीं मन भरेपर्यंत पाहिले.

त्याच शहरांत बंदराच्या कांठीं आप्रवासी घाट आहे. मॉरिशसमध्यें गुलामगिरी १८३५ सालीं बंद झाली, आणि उसाच्या मळ्यांवर राबण्यास हिंदुस्थानांतून करारानें मजूर नेण्यांत येऊं लागले. १८३४ पासून पुढच्या सुमारें ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर माणसें तेथें उतरलीं. त्यांतलीं कित्येक मुंबई बंदरांतून गेलेलीं, आपल्या रत्नागिरीकडचीं मराठी माणसें होतीं. बोटीवरून उतरल्यावर ज्या पायऱ्या चढून तीं आंत येत, त्या सोळा पायऱ्या तेथें राखून ठेविल्या आहेत. २००६ सालीं युनेस्कोनें या जागेस जागतिक वारशाचा मान दिला. त्या पायऱ्यांपाशीं उभा असतांना माझ्या मनांत आलें कीं, हाही परदेशचा प्रवासच होता; फक्त त्यांत परतीचें तिकीट नसे. आम्ही विसाव्यास आलों आहों, तें ज्या भूमीवर, ती कोणाच्या घामानें भिजली आहे हें ठाऊक असावें. त्यानें विसाव्याची गोडी कमी होत नाहीं. मात्र पाहुणा कांहींसा नम्र होतो.

आतां चौथा नियम, आणि माझ्या मतें सर्वांत मोठा. प्रवासांतला निदान एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. त्या दिवसाच्या घरांत कांहींएक लिहूं नये. आमचा मोकळा दिवस रविवार होता. आम्हांस बागेंत नेणारा मोटारवाला तरुण फ्लिक-आं-फ्लाकच्या जवळच्याच कास्काव्हेल गांवचा. तें गांव मराठी वस्तीसाठीं प्रसिद्ध आहे. त्याचा खापरपणजा कोंकणांतून आलेला. गांवाचें नांव घरांत आतां कोणास ठाऊक नाहीं. रविवारीं तुम्हांस काम नसेल तर घरीं चहास या, असें तो हिंदींत म्हणाला. काम नव्हतेंच. आम्ही गेलों.

अंगणांत तुळस होती. गणेशचतुर्थीची त्या देशांत सार्वजनिक सुटी असते. मुलें शाळेंत मराठी शिकतात. आणि कोंकणांतील जाखडी नाच तेथें झाकरी या नांवानें अजून नाचतात, असें तो मोठ्या उत्साहानें सांगत होता. त्याची आई मात्र मराठी मोडकें बोले. तिनें माझ्या पत्नीकडे पाहिलें आणि म्हणाली, "ये बाय, बस." एवढ्या तीन शब्दांनीं माझ्या पत्नीचे डोळे भरून आले. थोड्या वेळानें पाहतों तों ती स्वयंपाकघरांत पाट्यापुढें बसून खोबऱ्याची चटणी वाटीत होती. त्या पाट्यास तेथें रोश कारी म्हणतात. तो दगड पाहिल्यावर तिला राहवलें नाहीं. दालपुऱ्या तयार होत होत्या. दालपुरी म्हणजे वाटाण्याच्या वाटलेल्या डाळीचें पुरण भरलेली पातळ पोळी, गोडाऐवजीं तिखटमिठाची. तिच्यावर चटणी व उसळ घालून ती गुंडाळून खातात. मीं दारांतून म्हटलें, "अग, तूं इथं विसाव्याला आली आहेस ना?" ती वर न पाहतां म्हणाली, "हें काम नव्हे. मला कुणी सांगितलेलं नाहीं."

श्रोतेहो, विसाव्याची याहून चांगली व्याख्या मला अद्याप सांपडलेली नाहीं. विसावा म्हणजे हातावर हात ठेवून बसणें नव्हे, आणि महागडें हॉटेलही नव्हे. आपल्या वेळेवर कोणाचा हुकूम नसणें, हाच खरा विसावा. आणि हा हुकूम दर वेळीं परका मनुष्यच सोडतो असें नाहीं. पुष्कळदां आपण स्वतः सोडतों, आणि ज्यांच्यावर आपली माया आहे त्यांच्यावरच सोडतों. घरीं तो सोडतांना दिसत नाहीं. परदेशीं, अनोळखी रस्त्यावर, लख्ख दिसतो.

संध्याकाळीं परत येतांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उसाचीं शेतें होतीं. कांहीं ठिकाणीं तोडणी सुरू झाली होती. गाडींत पत्नी झोंपली होती. घाई कसलीच नव्हती, म्हणून मीं मोटारवाल्यास गाडी हळू चालविण्यास सांगितलें.

या प्रवासास नेलेली वही माझ्यापाशीं आहे. तींत खुणा फारशा नाहींत. काळ्या नदीच्या खोऱ्यांतील अरण्य राहिलें, शामारेलची सात रंगांची माती राहिली, आणि गंगातलावही राहिला. पोर्शन अपुरा राहिला, असें म्हणा हवें तर. परंतु परत आल्यावर पाहुण्यांनीं जेव्हां विचारलें, "कसं होतं हो मॉरिशस?", तेव्हां मी गप्प बसलों आणि ती तासभर बोलली. पाहुणे गेल्यावर तिनें विचारलें, "राहिलेलं पाहायला पुन्हां केव्हां जायचं?"

आपणांपैकीं जे कोणी प्रवासाच्या तयारींत असतील, त्यांनीं आज रात्रीं तिकिटें काढण्यापूर्वीं घरांतल्या माणसास तो एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें, एवढीच विनंति.